‘कुणाला सांगू नकोस’: एका मूकपटाच्या खेळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी एक लहानसं चित्रपट मंडळ चालतं. महिन्याला एक चित्रपट आणि त्यावर तासभर चर्चा असा त्याचा शिरस्ता आहे. तिथल्या एका महिला महाविद्यालयाने मंडळाकडे विचारणा केली. इंग्रजी आणि समाजशास्त्र या दोन विभागांचं मिळून एक शिबिर होतं, विषय होता फसवणूक आणि विश्वासघात. इंग्रजीच्या वर्गात मेलोड्रामा, म्हणजे भावना ठळक आणि भडक करून मांडणारं नाट्य, शिकवला जात होता, म्हणून चित्रपट मूकपटाच्या काळातला असावा अशी प्राध्यापिकांची इच्छा होती. खेळ सर्वांसाठी खुला ठेवायचा होता. मुलींच्या आया, आज्या, आसपासच्या वस्तीतल्या बायका याव्यात असं कॉलेजला मनापासून वाटत होतं.

मी या मंडळाच्या कामात होतो. पुढची हकीकत तयारीच्या टिपणांवरून आणि खेळानंतरच्या बैठकांवरून लिहिली आहे. गाव, कॉलेज आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. चित्रपटाविषयीचं मात्र सगळं जसंच्या तसं आहे.

अडचण

मूकपटातली फसवणूक आजच्या प्रेक्षकाला हसू आणते, ही पहिली भीती. डोळे वटारणं, छातीवर हात नेणं, दाराकडे बोट करून ‘चालती हो’ असं खुणावणं, या सगळ्यांची नक्कल आपण इतक्या विनोदी कार्यक्रमांत पाहिली आहे की मूळ गोष्ट समोर आली तरी हात आधी तोंडावर जातो. दुसरी अडचण भाषेची. दृश्यांच्या मधे येणाऱ्या संवादांच्या आणि निवेदनाच्या पाट्या इंग्रजीत, आणि बोलावलेल्या बायकांपैकी अनेकींना इंग्रजी येत नाही; काहींना मराठी वाचणंही जड जातं. तिसरी अडचण विषयातच होती. लग्नाच्या नावाखाली झालेली फसवणूक पडद्यावर दाखवायची, तीही अशा हॉलमध्ये जिथे कुणाच्या घरात काय घडलेलं आहे हे आपल्याला माहीत नाही.

या तिसऱ्या अडचणीचा विचार सुरुवातीला फारसा कुणी केला नव्हता. तो समाजशास्त्राच्या बाईंनी करायला लावला.

कोणता चित्रपट?

सर्वांच्या तोंडी पहिलं नाव आलं ते बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाश’चं. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1925 मध्ये तो काढला. कथा ना. ह. आपट्यांची. सावकाराच्या खोट्या कागदांनी जमीन गमावलेला आणि शेवटी शहरात गिरणीकडे वळलेला शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला होता. आपल्या मातीतली फसवणूक, आपल्याच माणसांनी काढलेली. पण त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. पेंटरांनी 1936 मध्ये याच कथेवर बोलपट काढला, मात्र शिबिराला मूकपटच हवा होता. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच पूर्णावस्थेत उरले, ही गोष्ट अशा वेळी फार टोचते. ज्या गोष्टीने विषय सर्वांत जवळ आला असता, तीच दाखवायला नाही.

दुसरा विचार ‘प्रपंच पाश’चा झाला. हिमांशु राय यांचा, फ्रान्झ ऑस्टेन यांनी दिग्दर्शित केलेला हा 1929 चा चित्रपट सुदैवाने टिकला आहे. दोन राजे, एक मुलगी, कपटाने केलेला खून आणि तो दुसऱ्याच्या माथी मारणं, लबाडीचे फासे. महाभारतातल्या द्यूताची सावली त्यावर आहे, त्यामुळे गोष्ट सांगावीच लागली नसती. पण हत्ती-घोड्यांच्या आणि राजवाड्यांच्या त्या थाटात फसवणूक दूरची वाटते. ‘राजेलोकांचं चालायचंच’ असं म्हणून प्रेक्षक मोकळा होतो. जर्मन दिग्दर्शक मुर्नाउच्या ‘सनराइज’चंही नाव निघालं. 1927 च्या या चित्रपटात दुसऱ्या बाईच्या नादाने नवरा बायकोला बुडवायला निघतो. चित्रपट म्हणून तो या यादीत सर्वांत सुंदर आहे, असं माझं मत आहे. पण त्यात बायको नवऱ्याला क्षमा करते, आणि शिबिराच्या पहिल्याच सत्रात क्षमेचा धडा जाऊ नये असं समाजशास्त्राच्या बाईंनी ठामपणे सांगितलं. ते सर्वांना पटलं.

निवड झाली अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘वे डाउन ईस्ट’ची. न्यूयॉर्कमध्ये 3 सप्टेंबर 1920 रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. मूळ नाटक लॉटी ब्लेअर पार्कर यांचं, 1898 सालचं. म्हणजे आपल्याकडे देवलांची ‘शारदा’ रंगभूमीवर आली त्याच्या आदल्याच वर्षीचं. इकडे म्हाताऱ्या नवऱ्याशी मुलीच्या लग्नाचा सौदा, तिकडे खोट्या लग्नाचा फास. हा योगायोग नंतर चर्चेत फार उपयोगी पडला.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट. अ‍ॅना मूर ही गरीब घरातली मुलगी. आई तिला मदत मागण्यासाठी बॉस्टनच्या श्रीमंत नातेवाइकांकडे पाठवते. तिथे लेनॉक्स सँडरसन नावाचा सुखवस्तू तरुण तिला गाठतो. ती सहजासहजी वश होणारी नाही हे दिसल्यावर तो लग्नाचा बनाव रचतो: पाद्री खोटा, साक्षीदार सामील. मग सांगतो, माझ्या वडिलांमुळे हे लग्न सध्या गुप्त ठेवावं लागेल. अ‍ॅना आईकडे परतते. दिवस गेल्याचं त्याला सांगते तेव्हा कळतं की लग्न झालेलंच नाही. आई जाते. परक्या गावात भाड्याच्या खोलीत मूल जन्मतं आणि मरतं. घरमालकीण तिला बाहेर काढते. ती बार्टलेट यांच्या शेतावर कामाला राहते, आणि शेजारच्याच मळ्याचा मालक सँडरसन निघतो. घरचा मुलगा डेव्हिड तिच्यावर प्रेम करतो, ती मागे सरते. शेवटी गावातल्या मार्था या चहाडखोर बाईकडून गोष्ट घरधन्याच्या कानावर जाते आणि तो तिला भर वादळात घराबाहेर काढतो. नदीवरच्या वाहत्या बर्फावर बेशुद्ध पडलेल्या अ‍ॅनाला डेव्हिड वाचवतो.

हक्कांचा प्रश्न सोपा होता. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनापासून साठ वर्षांचा असतो, तो केव्हाच संपलेला. मात्र पुनरुज्जीवित प्रतींवर नव्याने चढवलेल्या संगीताचे हक्क वेगळे असतात, म्हणून आवाज बंद ठेवून आपलंच संगीत द्यायचं ठरलं. पैसे वाचवण्याच्या हेतूने घेतलेला हा निर्णय पुढे या सगळ्या प्रकरणाचा कणा ठरला.

पहिला पेच: कात्री लावायची का?

चित्रपट अडीच तासांच्या घरातला. कॉलेजला दोन तासांत आटोपायला हवं होतं. ग्रिफिथने खेड्यातली विनोदी पात्रं भरपूर घातली आहेत: वेंधळा प्राध्यापक, गावठी पोरं, नाक खुपसणारी मार्था. मंडळातल्या तरुण मुलांनी सुचवलं की हे सगळं काढून टाकू, मुख्य गोष्ट दीड तासात बसते. त्यांनी खरोखर तशी प्रत कापून तयार केली आणि दहाबारा ओळखीच्या लोकांना दाखवली.

कुणी हललं नाही. का, ते शोधायला दुसऱ्यांदा पाहावं लागलं. मार्था हे पात्र आधी हसवण्यासाठी येतं. ती या घरून त्या घरी बातम्या नेते, कानोसा घेते, आणि आपण हसतो. अ‍ॅनाचं गुपित फुटतं ते याच वाटेने. जिच्यावर इतका वेळ हसलो, तिच्याच तोंडून एका मुलीचं आयुष्य उलटतं. विनोद कापल्यावर मार्था अचानक कुठून तरी टपकल्यासारखी वाटत होती आणि गौप्यस्फोट म्हणजे कथाकाराची सोय उरली होती. खेड्यात माणसाची बदनामी कशी होते याची सगळी यंत्रणा त्या ‘फालतू’ दृश्यांत मांडलेली आहे.

कॉलेजशी बोलून अर्ध्या तासाची वेळ वाढवून घेतली. पूर्ण चित्रपट, मध्ये एक मध्यंतर. या निर्णयाबद्दल मंडळात आज कुणाचंच दुमत नाही.

याच चाचणीत वेगाचाही घोळ लक्षात आला. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला किती चित्रं याचा एकच आकडा ठरलेला नव्हता. सोळापासून वीस-बावीसपर्यंत काहीही असे. असं चित्रीकरण बोलपटाच्या चोवीसच्या वेगाने चालवलं की माणसं तुरुतुरु धावतात. आंतरजालावरून मिळालेली मंडळाची पहिली प्रत तशीच होती. वेग कमी असलेली प्रत मिळवल्यावर अ‍ॅनाची भूमिका करणाऱ्या लिलियन गिशचा अभिनय एकदम शंभर वर्षांनी जवळ आला. मूकपटातल्या माणसांना आपण हसतो त्यातलं अर्धं हसू तर प्रोजेक्टरनेच पैदा केलेलं असतं.

दुसरा पेच: पाट्या कोणी आणि कशा वाचायच्या?

तीन मार्ग होते: मराठी भाषांतर पडद्याच्या खालच्या भागात दाखवणं, गोष्टीचा छापील कागद दारातच हातात देणं, किंवा कुणीतरी उभं राहून पाट्या मोठ्याने वाचणं. छापील कागद लगेच बाद झाला. अंधारात कोण वाचणार, आणि आधी वाचला तर सगळं कळलेलं असणार.

उभं राहून वाचण्याला आपल्याकडे परंपरा आहे. तंबूतल्या खेळांत पाट्या वाचून दाखवणारा माणूस असे. जपानमध्ये तर ‘बेन्शी’ म्हणून हा स्वतंत्र कलाकारच होता आणि लोक त्याच्या नावावर तिकीट काढत. मंडळातले एक निवृत्त शिक्षक नाटकात काम केलेले, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे काम गेलं. खाली मराठी अक्षरंही ठेवायची, असं दुहेरी ठरलं.

तालमीत वेगळाच प्रश्न उभा राहिला. सर नुसतं वाचत नव्हते, समजावून सांगत होते. खोट्या लग्नाच्या आधी ते म्हणाले, “आणि आता बघा, हा नराधम कसा डाव टाकतो!” समाजशास्त्राच्या बाई तिथेच म्हणाल्या, “सर, हे नको. हे बोललात की मुली त्याच्याकडे बघतील. मला त्या अ‍ॅनाकडे बघायला हव्यात.”

यावर बराच वाद झाला. सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ग्रिफिथही काही लपवत नाही. सँडरसनची ओळख करून देणारी पाटीच सांगते की त्याची तीन खास क्षेत्रं आहेत: बायका, बायका आणि बायका. म्हणजे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक आहे. मेलोड्रामात रहस्य नसतं, खलनायक कोण हे लहान मूलही सांगतं. मग आपण दोन शब्द जास्त बोललो तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि अ‍ॅनाला ठाऊक नाही, या दोन्हींच्या मधल्या जागेत हा चित्रपट उभा आहे. ती जागा भरून टाकली की प्रेक्षक शहाणा होतो आणि अ‍ॅना मूर्ख ठरते. ‘एवढं कसं कळलं नाही हिला?’ हा प्रश्न तिथूनच उगवतो. शेवटी ठरलं की पाटीवर जेवढं आहे तेवढंच वाचायचं, एक शब्द जास्त नाही. सरांनी ते मनावर घेतलं आणि तंतोतंत पाळलं.

एक मुद्दा उरला, जेवणाच्या टेबलाचा. घरधनी सगळ्यांसमोर अ‍ॅनाला हाकलतो, तेव्हा चित्रपटात पहिल्यांदाच ती तोंड उघडते. माझी चौकशी केलीत, मग तुमच्या टेबलाशी मानाने बसलेल्या या माणसाची का नाही केलीत, असं विचारून ती सँडरसनकडे बोट दाखवते. इतका वेळ गप्प राहिलेल्या बाईचं हे बोलणं पुरुषाच्या आवाजात ऐकवायचं? सरांनी स्वतःच नकार दिला. त्या प्रसंगात वाचन थांबवायचं आणि फक्त पडद्यावरची मराठी अक्षरं ठेवायची, असं ठरलं.

तिसरा पेच: पेटीने कुणाची बाजू घ्यायची?

संगीताला गावातले दोन कलाकार मिळाले, पेटीवर भजनी मंडळातले काका आणि तबल्यावर त्यांचा पुतण्या. काकांनी चित्रपट दोनदा पाहिला आणि सरळ मार्ग निवडला. सँडरसन आला की खालचे, घुसमटलेले सूर. अ‍ॅना आली की गोड चाल. वादळात तबला द्रुत लयीत.

खोट्या लग्नाशी सगळं अडलं. ग्रिफिथने हा प्रसंग विलक्षण रचला आहे. इकडे विधी चालू आहे, अंगठी हातातून निसटते, आणि मध्येच दूरच्या खेड्यात झोपलेला, अ‍ॅनाला अजून भेटलेलाही नसलेला डेव्हिड दचकून जागा होतो. काकांनी इथे अर्थातच अशुभ सूर लावले. प्राध्यापिकांनी विचारलं, “काका, अ‍ॅनाला काय ऐकू येत असेल?” काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिला तर सनईच ऐकू येत असणार.”

त्यांनी तो प्रसंग नव्याने बांधला. भूपातली साधी, आनंदी चाल, कुठेही इशारा नाही. जणू खरंच लग्न आहे. पुढे सँडरसन खरं काय ते सांगतो तेव्हा तीच चाल, संथ, अर्धवट सोडलेली. मूल मरताना अ‍ॅना स्वतःच त्याला बाप्तिस्मा देते, त्या संपूर्ण प्रसंगात पेटीही नाही आणि तबलाही नाही.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो, आणि तो भजनी मंडळातल्या एका पेटीवाल्याने घेतला. फसवणुकीच्या गोष्टीत संगीत प्रेक्षकाला सावध करत बसलं तर ते फसवणाऱ्याच्या हुशारीची जाहिरात करतं. ते फसलेल्या माणसाच्या बाजूला उभं राहिलं तर त्याचा विश्वास खरा होता हे कळतं, आणि विश्वास खरा होता हे कळल्याशिवाय घाताचं मोल कळत नाही.

प्रत्यक्ष खेळ

हॉल चांगला भरला होता. पुढे मुली, मागे त्यांच्या घरच्या बायका. पहिली वीस मिनिटं हसण्या-कुजबुजण्यात गेली, श्रीमंत नातेवाइकांच्या तोऱ्यावर बायका मनमुराद हसल्या. खोट्या लग्नात आवाज कमी होत गेला. भूपाची चाल वाजत होती आणि मागच्या रांगेतून एक आजी अगदी स्पष्ट म्हणाल्या, “नको गं बाई.” कुणी हसलं नाही.

बाप्तिस्म्याच्या प्रसंगी काही बायका उठून बाहेर गेल्या. सुरुवातीलाच सूचना दिली होती की बाळाच्या मृत्यूचा प्रसंग आहे, ज्यांना नको असेल त्यांनी बाहेर जावं, बाहेर चहाची सोय आहे आणि कॉलेजच्या समुपदेशक तिथे बसलेल्या आहेत. मध्यंतरात त्या सगळ्या परत आल्या.

टेबलाच्या प्रसंगात मात्र ठरवलेलं सगळं साधलं नाही. सर थांबले, अक्षरं पडद्यावर आली, पुढच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, “काय म्हणाली? काय म्हणाली ती?” ज्यांनी हे वाक्य ऐकायलाच हवं होतं, त्यांच्यापर्यंत ते शेजारणीकडून, उशिरा पोचलं.

बर्फाच्या नदीने हॉल जागेवरून उठवला. खरी थंडी, खरा बर्फ, व्हर्मॉंटमधल्या नदीवरचं चित्रीकरण. गिशने हात आणि केस पाण्यात सोडून द्यायचं स्वतःच सुचवलं होतं आणि त्या हाताच्या बोटांना पुढे आयुष्यभर त्रास राहिला. हे खेळाआधी सांगायचं की नंतर, यावरही बोलणं झालं होतं. नंतर सांगितलं ते बरं झालं. आधी सांगितलं असतं तर लोक अ‍ॅनाला सोडून नटीचा हात बघत बसले असते.

चर्चा

पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला. एका मुलीने विचारलं, “तिने कागद का नाही बघितला? लग्न झालं तर दाखला असतोच ना?” बऱ्याच माना डोलल्या.

उत्तर व्यासपीठावरून आलं नाही. मागच्या बाजूच्या एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बघून काय करणार? दाखवणार कुणाला? त्याने सांगितलंच होतं, कुणाला सांगू नकोस.”

मला या चित्रपटाबद्दल इतकं नेमकं बोललेलं दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही. पाद्री खोटा होता, अंगठी खोटी होती, पण त्या खोटेपणाला टिकवलं ते गुप्ततेच्या अटीने. आईला सांगितलं असतं तर आईने दोन प्रश्न विचारले असते. गावात सांगितलं असतं तर कुणीतरी पाद्र्याचं नाव विचारलं असतं. गुप्ततेने हे सगळे प्रश्न आधीच बंद केले. आणि पुढे, खरं कळल्यावरही तेच कुलूप तिच्या तोंडावर राहिलं. बार्टलेट यांच्या घरात सँडरसन समोर वावरतो, उजळ माथ्याने जेवायला येतो, उलट तिलाच इथून निघून जा म्हणतो, आणि ती बोलू शकत नाही, कारण बोलल्यावर बदनाम तीच होणार. ध्वनी नसलेल्या चित्रपटात एक बाई तासभर न बोलता राहते आणि आपल्याला तिचं न बोलणं ऐकू येतं. मूकपटाला जे जमलं ते बोलपटाला इतकं सहज जमत नाही.

वकीलबाईंना मंडळाने बोलावून ठेवलं होतं. त्यांनी थोडक्यात सांगितलं. लग्न झालं आहे असा खोटा समज करून देऊन स्त्रीशी संबंध ठेवणं हा 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 493 खाली गुन्हा होता, आणि लग्नाचा नुसता देखावा करणं कलम 496 खाली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमं अनुक्रमे 81 आणि 83 आहेत. पहिल्याला दहा वर्षांपर्यंत, दुसऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवण्यासाठी कलम 69 स्वतंत्र आहे. म्हणजे अ‍ॅनाची गोष्ट नाटकात येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे या फसवणुकीला कायद्यात नाव आहे. चित्रपटात सँडरसन कुठल्याही कोर्टापुढे उभा राहत नाही.

त्यानंतर मागून उठून बोललेल्या त्याच बाईंनी नात्यातल्या एका मुलीची हकीकत सांगायला सुरुवात केली. देवळात हार घातलेले, दोन मित्र हजर, मोबाइलवर एक फोटो, आणि मग ‘घरी सध्या सांगू नकोस’. त्या बोलत असताना चर्चा चालवणाऱ्या प्राध्यापिकांसमोर खरा पेच होता. थांबवावं, तर आत्ताच ज्या गप्प बसवण्यावर बोललो तेच आपण करतोय. बोलू द्यावं, तर गाव लहान, हॉल भरलेला, आणि ज्या मुलीची गोष्ट आहे ती इथे नाही. तिने परवानगी दिलेली नाही.

प्राध्यापिका म्हणाल्या, “ताई, तुमचं बोलणं फार मोलाचं आहे. नाव आणि गाव मात्र इथे नको. ते वकीलबाईंना सांगा, त्या तुमच्यासाठीच थांबल्यात.” मग त्यांनी सर्वांना उद्देशून एवढंच सांगितलं की फसवणाऱ्याने लादलेली गुप्तता वेगळी आणि फसलेल्या माणसाने आपल्यासाठी राखलेली गुप्तता वेगळी. दुसरी मोडायचा हक्क फक्त तिचा. चर्चेचं चित्रण करणाऱ्या दोन मुलींना ते तिथल्या तिथे पुसायला लावलं. हा भाग माझ्या मते निर्दोष हाताळला गेला, आणि त्याचं कारण आधीच्या बैठकीत समाजशास्त्राच्या बाईंनी नेमकी हीच शक्यता बोलून ठेवली होती. घरधनी आणि मार्था अ‍ॅनाचं जे करतात, ते करायला भरलेला हॉल पुरेसा असतो.

निष्पत्ती

त्या बाई वकीलबाईंशी बराच वेळ बोलल्या. पुढे काय झालं ते मंडळाने विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. कॉलेजने विवाह नोंदणी आणि विनामूल्य कायदा सल्ला यांची माहिती देणारा एक पानी कागद तयार केला, तो आता प्रवेशाच्या वेळी सगळ्या मुलींना मिळतो. इंग्रजीच्या वर्गात मेलोड्रामाचा तास ‘शारदा’ आणि ‘वे डाउन ईस्ट’ शेजारी ठेवून घेतला गेला. एका विद्यार्थिनीने मार्थावर निबंध लिहिला, विनोदी पात्र गोष्टीला घातक कसं ठरतं यावर. तो या खेळाने मिळवून दिलेला मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

वेगळं काय करता येईल

टेबलाचं वाक्य बाईच्या आवाजात वाचलं जायला हवं. पुरुषाचा आवाज टाळण्याचा विचार योग्य होता, पण त्याची जागा रिकामी ठेवणं गरजेचं नव्हतं. संपूर्ण चित्रपट सरांनी वाचावा आणि या एका ठिकाणी प्रेक्षकांतूनच एक बाई उभी राहून वाचेल, अशी योजना पुढच्या खेळासाठी ठरली आहे. काकांना ती पसंत आहे, त्या वेळी पेटी थांबेल.

वकीलबाईंचं बोलणं लगेच आलं, ते थोडं उशिरा यायला हवं होतं. कलमं ऐकल्यावर काही मुलींच्या चेहऱ्यावर ‘मग प्रश्न मिटला’ असा भाव आला, आणि अ‍ॅनावर बोलणं तिथे पातळ झालं. आधी गोष्टीवर पुरतं बोलून मग कायद्याकडे वळावं.

बार्टलेट या घरधन्यावर कुणीच बोललं नाही, याचीही मला रुखरुख आहे. सँडरसनने फसवलं, हे सगळ्यांना दिसलं. पण आश्रय दिलेल्या मुलीला एक प्रश्नही न विचारता वादळात काढणारा हा धर्मभीरू, सज्जन माणूस चित्रपटातला दुसरा विश्वासघात करतो, आणि शेवटी त्याला माफीही मिळते. आपल्या घरांत सँडरसन क्वचित असतात, बार्टलेट पुष्कळ. चर्चेचा पहिला प्रश्न पुढच्या वेळी त्याच्यावर ठेवायला हवा.

एका गोष्टीवर मंडळात अजून मतभेद आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला ग्रिफिथचं लांबलचक प्रास्ताविक आहे, एकपत्नीव्रतावर आणि स्त्रीच्या सोसण्यावर. तरुण सभासदांना ते उपदेशी वाटतं, काढून टाकावं असं त्यांचं म्हणणं आहे. प्राध्यापिका ठेवावं म्हणतात, कारण अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती 18 ऑगस्ट 1920 रोजी मंजूर झाली आणि त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांतच हा चित्रपट पडद्यावर आला. मत देऊ लागलेल्या बाईला पडद्यावर अजून सोसणारी म्हणूनच पाहिलं जात होतं, हे त्या पाट्यांवरून दिसतं. मी प्राध्यापिकांच्या बाजूचा आहे. मार्थाच्या दृश्यांना कात्री लावून काय हरवलं ते आपण एकदा पाहिलेलं आहे. पुढच्या बैठकीत यावर मत घ्यायचं ठरलं आहे.